दारू नव्हे, लहान मेंदूचा आजार : अटॅक्सिया समजून घेऊ



या वेळचा लेख एका चुकीपासून सुरू करते. ती चूक माझी आहे.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. वय चाळिशीच्या आसपास. एका कार्यालयात शिपाई. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ते दरवर्षी पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत असतात. एका वर्षी मात्र त्यांची चाल बघून कुजबुज सुरू झाली. पाय फाकवून चालत होते, वळताना बाजूच्या माणसावर गेले, बोलणेही जड येत होते. मी स्वयंसेवकांत होते. मीच त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “दादा, आजच्या दिवशी तरी नको होतं.” ते काही बोलले नाहीत. भिंतीला धरून घरी निघून गेले.

रात्री त्यांच्या मिसेस आमच्या दारात आल्या. “ताई, बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं ऱ्हाऊन सांगते, ह्येंनी आयुष्यात दारूला हात लावला न्हाई. कामावर सायबानं चारचौघांत तोंडाचा वास घेतला. आता तुमीबी तसंच म्हनलासा.”

मी सतरा वर्षे वॉर्डात काढलेली बाई. डिप्लोमा करताना ‘अटॅक्सिया’ हा शब्द परीक्षेसाठी पाठ केलेला. तरी गल्लीतल्या माणसात तो मला दिसला नाही, दारू दिसली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बोलता बोलता त्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, “ह्येचा बाबी असाच झिंगायचा की. लोकं बेवडा म्हनायची. तसंच म्हनत म्हनत गेला.”

त्या एका वाक्यात निम्मे निदान होते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे शिकावे लागेल. या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नाव देत नाही.

लहान मेंदूचे काम काय?

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मोठ्या मेंदूच्या खाली मुठीएवढा लहान मेंदू असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी एकट्या त्याच्यात असतात.

लेझीम पथक आठवा. हातपाय मुलांचेच असतात, ताकदही त्यांचीच. पण हलगीचा ताल सुटला की पथक विस्कटते. मोठा मेंदू ‘कप उचल’ असा हुकूम देतो. हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, किती जोर लावायचा, हा ताल लहान मेंदू धरतो. चालताना तोल, लिहिताना बोटे, बोलताना जीभ, वाचताना डोळे, गिळताना घसा, सगळीकडे तोच माप देतो.

हा ताल बिघडणे म्हणजे अटॅक्सिया. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘क्रम नसणे’ एवढाच. हा लकवा नाही. लकव्यात ताकद जाते. इथे ताकद असते, ताकदीचे माप जाते. अशा रुग्णाचा हात हातात घेऊन बघा, पकड घट्ट असते.

मग तो प्यायल्यासारखा का दिसतो? कारण दारू पोटात गेल्यावर ज्या भागावर लवकर परिणाम करते, त्यांत हाच लहान मेंदू असतो. झोकांडी जाणे आणि जीभ जड होणे ही त्याचीच लक्षणे. लोकांना दिसते ते खरेच असते, त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकतो.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

सुरुवात बहुधा पायांपासून होते. पाय फाकवून चालणे, वळताना भिंतीचा आधार घेणे, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त भीती वाटणे. मग हात. चहा बशीत सांडतो, सुईत दोरा जात नाही, सदऱ्याची गुंडी लागत नाही, सही बदलते आणि बँक सही परत पाठवते. चप्पल शिवणाऱ्या कारागिराची आरी ठरल्या जागी बसत नाही. पुढे बोलणे तुटक होते, एकेक अक्षर सुटे पडते. डोळे स्थिर राहत नाहीत, ओळ वाचताना सुटते. पाणी पिताना ठसका लागतो.

घरी चार गोष्टी बघता येतात. यातून निदान होत नाही, फक्त डॉक्टरांकडे जायचे की नाही हे ठरते.

१. फरशीच्या सरळ रेघेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत दहा पावले चालायला सांगा. शेजारी एकाने उभे राहावे.

२. स्वतःच्या नाकाला आणि मग समोर धरलेल्या तुमच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगा. बोट थरथरत जाते का, नेम चुकतो का ते पाहा.

३. मांडीवर तळहात भराभर उलटसुलट आपटायला सांगा. ताल तुटतो का?

४. पाच वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी ठेवा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. तोंड धुताना डोळे मिटले की जास्त झोक जात असेल, अंधारात फार अडखळायला होत असेल, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटत असेल, तर बिघाड पायांच्या नसांत किंवा पाठीच्या कण्यातही असू शकतो. मधुमेहात आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असे होते. लहान मेंदूच्या आजारात डोळे उघडे असले तरी तोल जातोच. ‘घर फिरतंय’ असे वाटणारी भोवळही वेगळी, ती बऱ्याचदा कानातून येते. हे सगळे डॉक्टरांना नीट सांगितले की त्यांचे काम सोपे होते.

अचानक झाले तर थांबू नका

काल धडधाकट असलेला माणूस आज एकाएकी उभा राहू शकत नाही, उलट्या होतात, डोके फुटल्यासारखे दुखते, बोलणे अडखळते. हा लहान मेंदूतला झटका असू शकतो, म्हणजे रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘जास्त झाली असेल, झोपू दे’ म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या माणसाच्या लहान मेंदूला सूज येऊन श्वास बंद पडू शकतो. उतारा म्हणून लिंबूपाणी किंवा ताक पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते.

लहान मुलांत कांजिण्या किंवा साधा ताप येऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी मूल एकदम लटपटू लागते. यातली बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात, तरी डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे. मात्र मूल रोज सकाळी डोके दुखते म्हणते, उलटी करते आणि चालताना तोल जातो, तर मेंदूत गाठ नाही ना याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

आधी बरी होणारी कारणे शोधा

अटॅक्सिया हे लक्षण आहे. त्यामागे अनेक कारणे असतात आणि त्यांतली काही औषधाने सुधारतात. म्हणून ‘याला काही इलाज नाही’ हे वाक्य पहिल्याच दिवशी कोणी सांगितले तर ते मान्य करू नका.

फिटवर दिल्या जाणाऱ्या फिनायटॉइन या गोळीचे रक्तातले प्रमाण वाढले की डोळे थरथरतात आणि तोल जातो. वॉर्डात असे रुग्ण मी पाहिले आहेत. रक्तातले प्रमाण तपासून डोस बदलला की माणूस सावरतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मात्र लहान मेंदूचे कायमचे नुकसान होऊ शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. तसे केले तर एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येतो.

थायरॉइड कमी असणे, बी-१२, बी-१ किंवा ई जीवनसत्त्व कमी असणे, शरीरात तांबे साठण्याचा विल्सनचा आजार, काही जणांत गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास, ही कारणेही आहेत. ती रक्ताच्या तपासण्यांतून शोधता येतात आणि वेळेत सापडली तर उपचार आहेत. उष्माघातानंतरही लहान मेंदूच्या पेशी मरतात. आपल्याकडे फौंड्रीत भट्टीपुढे आणि गुऱ्हाळात काइलीपुढे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि दारू. होय, वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याचा लहान मेंदू खरोखरच झिजतो. मग न पिताही तो झोकांड्या खातो. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे हे आपण जाणतो. पण ज्याच्याकडून ती मोडली तोही आता रुग्ण आहे. दारू पूर्ण सुटली आणि बी-१ मिळाले तर पुढची झीज थांबू शकते, काहींची चाल सुधारते. त्याला हिणवून ना दारू सुटते, ना तोल येतो.

कोल्हापुरात पहिले पाऊल म्हणजे सी.पी.आर. रुग्णालयात मेडिसिन विभागाचा केसपेपर. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. एम.आर.आय. आणि रक्ताच्या तपासण्या झाल्यावर गरज पडली तर मुंबईचे के.ई.एम. किंवा जे.जे., नाहीतर बेंगळुरूचे निम्हान्स इथे मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाता येते.

घराण्यातून येणारा अटॅक्सिया

आमच्या गल्लीतल्या दादांच्या रक्तात काही सापडले नाही. एम.आर.आय.मध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसला. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पाहिली. उजवीकडून डावीकडे बघायला सांगितले की दादांचे डोळे फार सावकाश सरकत. म्हणून ते नकळत सगळी मान वळवून बघत. आम्हा सगळ्यांना तो ‘तोरा’ वाटायचा.

ही खूण वैद्यकशास्त्राला ज्यांनी ठळकपणे दाखवून दिली ते आपल्या मुंबईतले डॉक्टर. जे.जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली इंग्लंडच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत मांडली. त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जात होता आणि डोळ्यांची हालचाल मंद होती. हा वेगळा प्रकार आहे, असे त्यांनी सांगितले. त्यामागचे जनुक सापडायला १९९६ उजाडले, आणि १९९८ मध्ये वाडियांनीच भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास पुन्हा ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध केला. आज या प्रकाराला एस.सी.ए.-२ म्हणतात. भारतात घराण्यातून येणाऱ्या अटॅक्सियात तो जास्त आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण मला त्यांची मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी रुग्णाचे डोळे नीट बघितले आणि घरातल्या इतरांची चौकशी केली. महागड्या यंत्राआधी एवढे तर आपल्यालाही जमते.

जनुकात नेमके काय बिघडते? जनुक ही शरीराची लिहिलेली सूचना आहे. एस.सी.ए.-२ मध्ये त्या सूचनेतली सी-ए-जी ही तीन अक्षरे गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली जातात. बहुतेक निरोगी माणसांत ती २२ वेळा येतात. ३३ च्या पुढे गेली की आजार संभवतो. चुकीच्या सूचनेतून चुकीचे प्रथिन तयार होते आणि लहान मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. पुढच्या पिढीत जाताना ही संख्या वाढू शकते. म्हणून आजोबांना पन्नाशीत, मुलाला पस्तिशीत आणि नातवाला विशीत आजार दिसतो. लोक म्हणतात, ‘घराण्याला शाप आहे, दर पिढीला वाढतोय.’ हा शाप नाही, अक्षरांची मोजता येणारी वाढ आहे. कारण असल्याशिवाय काही घडत नाही, हे तर आपल्याला धम्मानेच शिकवले आहे.

आता नीट लक्षात घ्यायच्या गोष्टी.

या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी भेद नाही. प्रत्येक बाळंतपणात नाणे नव्याने उडते. दोघांना आला म्हणून तिसऱ्याला येणार नाही, असा हिशेब नसतो. ज्याच्याकडे ते जनुक आलेच नाही, त्याच्या मुलाबाळांना त्याच्याकडून ते जात नाही. सुनेच्या पायगुणाने किंवा आईच्या डोहाळ्यांनी हा आजार होत नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही.

दुसरा प्रकार वेगळा आहे. फ्रीडराइख अटॅक्सिया हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मन डॉक्टर निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ मध्ये तो नोंदवला. यात आई-वडील दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडे एकेक बिघडलेले जनुक असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चौथा हिस्सा. हा बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या वयात सुरू होतो. सोबत पाठीचा कणा वाकणे, तळपायाची कमान उंच होणे, मधुमेह आणि हृदयाच्या स्नायूचा आजार येऊ शकतो. म्हणून या मुलांचा ई.सी.जी. आणि हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. जवळच्या नात्यात लग्न झाले की नवरा-बायकोकडे एकाच आजोबांचे बिघडलेले जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडे अजून आहे. ज्या घरात असे मूल झालेले आहे, तिथे पुन्हा नात्यातच सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पोरीच्या लग्नाचे काय?

दादांची मुलगी १९ वर्षांची. बी.कॉम.ला आहे. जनुक तपासणीचा निकाल एस.सी.ए.-२ आल्यावर नातेवाइकांचे पहिले वाक्य होते, “बाहेर कुठं बोलू नका, पोरीचं जमायचं न्हाई.”

ही भीती खोटी नाही, आणि ती बाळगणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण लपवल्याने काय झाले तेही या घरानेच पाहिले. आजोबांचा आजार लपला, म्हणून ते बेवडे ठरले. मुलाचे निदान तीन वर्षे लांबले. पुढे मुलीला काही झाले असते, तर तीही सासरी ‘नाटकी’ ठरली असती.

तपासणी करायची की नाही हा निर्णय तिचा. अठरा वर्षांखालील निरोगी मुलांची अशी तपासणी करत नाहीत, कारण तो हक्क त्यांनी मोठे होऊन बजावायचा असतो. मोठ्यांनीही आधी समुपदेशन घ्यावे, मग ठरवावे. निकाल कळल्यावर तो परत न-कळता करता येत नाही. आई-बाप, होणारी सासू, मालक यांपैकी कोणीही बळजबरी करू नये. लग्न ठरवताना मात्र होणाऱ्या जोडीदाराला घरातला आजार सांगावा. मूल हवे असेल तर गर्भधारणेआधी तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

ती मुलगी मला म्हणाली, “मावशी, मला आत्ता तपासायचं नाही. आधी डिग्री होऊ दे. पण लपवणार पण नाही.” मला तिचे म्हणणे पटले. तिने तपासायचे ठरवले असते तरी पटले असते.

औषध नाही, मग करायचे काय?

एस.सी.ए. मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. फ्रीडराइखसाठी ओमावेलोक्सोलोन या औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली, १६ वर्षांवरील रुग्णांसाठी. ते आजार पुसत नाही, वेग कमी करण्यासाठी आहे आणि त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे. संशोधन चालू आहे. पण ‘स्टेम सेलच्या इंजेक्शनने उभा करतो’ म्हणत लाखो रुपये मागणारे भेटतील. असा उपचार सिद्ध झालेला नाही. करणी उतरवणारा देवऋषी आणि काचेच्या केबिनमधला हा माणूस यांत पैसे जाण्याच्या बाबतीत फरक नाही.

जे उपयोगी पडते ते स्वस्त आहे, पण रोज करावे लागते.

व्यायाम : जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मेंदू झिजलेल्या रुग्णांकडून चार आठवडे तोल आणि हालचालींच्या मेळाचा व्यायाम करून घेतला. त्यांची चाल आणि तोल मोजण्याइतका सुधारला. घरी व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत तो फायदा टिकलेला पुढे दिसला. क्युबा या लहानशा देशाच्या ओल्गीन भागात एस.सी.ए.-२ जगात सर्वांत जास्त आढळतो. श्रीमंत नसलेल्या त्या देशानेही या रुग्णांसाठी खास केंद्र उभारले आणि नियमित व्यायामावर भर दिला.

फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. घरी साधारण असे करता येते. पाठ न टेकता खुर्चीवर बसून एकेक हात वर नेणे. हाताला धरून न उठवता, स्वतःच्या जोरावर खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे. ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे. ओट्याच्या कडेने आडवी पावले टाकणे. जमिनीवर हात-गुडघे टेकून समोरचा एक हात उचलणे. पडल्यावर जमिनीवरून कसे उठायचे याचा सराव. रोज अर्धा तास, दमलेले नसताना, कोणी तरी शेजारी असताना.

घर : पेठेतली आपली घरे जुनी, जिने उभे आणि अरुंद. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा. न्हाणीत आणि संडासात भिंतीला लोखंडी दांडा बसवा. नळकाम करणारा ते तासाभरात करतो. बसायच्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. सतरंजी, चटई, वायर वाटेतून काढा. रात्री छोटा दिवा ठेवा. आपली कोल्हापुरी चप्पल शोभेची खरी, पण तिला मागे पट्टा नसतो आणि तळ गुळगुळीत असतो. तिच्याऐवजी मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल वापरा. बायकांनी साडी घोट्याच्या वर खोचावी किंवा पंजाबी ड्रेस घालावा. दुचाकी, शिडी, उकळते तेल आणि उघडी यंत्रे यांपासून दूर राहावे.

जेवण : ठसका मुख्यतः पातळ पदार्थांचा लागतो. पाणी, चहा, पांढरा रस्सा एका दमात पिऊ नका. ताठ बसून, हनुवटी जराशी खाली, एकेक घोट. भात आमटीत नीट कालवून द्या. जेवताना बोलायला लावू नका, टी.व्ही. बंद ठेवा. कप अर्धाच भरा, दोन कानांचा जड मग असेल तर बरे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. वारंवार ताप, खोकला येत असेल तर अन्न फुप्फुसात जात नाही ना, हे डॉक्टरांना विचारा.

बोलणे : बोलणारा सावकाश बोलतो म्हणून ऐकणाऱ्याने त्याचे वाक्य पुरे करू नये. बोलणे अडले म्हणजे बुद्धी अडली, असे नाही. त्याच्याशी मोठ्याने किंवा लहान मुलासारखे बोलू नका. घरातले निर्णय त्याला वगळून घेऊ नका.

मन : झोप उडणे, कुणात मिसळू नये वाटणे, ‘मी ओझे आहे’ असे बोलणे, हे दिसले तर ते आजारपणाचे नखरे समजू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. सेवा करणाऱ्या बायकोला, आईलाही आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा मिळाला पाहिजे. ही जबाबदारी भाऊ, दीर, शेजारी यांनी वाटून घ्यावी.

चाकाची खुर्ची लागली तर हार मानली, असे समजू नका. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी खुर्चीवर बसून १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. पडून खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा वेळेत घेतलेली काठी, वॉकर किंवा खुर्ची बरी.

कायदा आपल्या बाजूने आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व येते. त्यात हालचालींचे दिव्यांगत्व आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार आहेत. अटॅक्सियाच्या रुग्णाने त्यासाठी अर्ज करावा. अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळापुढे होते आणि यू.डी.आय.डी. कार्ड मिळते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. आजार वाढणारा असल्याने आज टक्केवारी कमी आली तरी पुढे फेरतपासणी मागता येते.

नोकरदारांनी या कायद्याचे कलम २०, पोटकलम ४ पाठ करावे. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. म्हणून भीतीने किंवा कुणाच्या सांगण्यावरून राजीनामा लिहून देऊ नका. विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मागता येतो. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

हे कार्ड कापून खिशात ठेवा

“मला अटॅक्सिया हा लहान मेंदूचा आजार आहे. त्यामुळे माझा तोल जातो आणि बोलणे जड येते. मी दारू प्यायलेलो / प्यायलेली नाही. मला तुमचे बोलणे नीट समजते. कृपया मला बसायला जागा द्या, बोलायला वेळ द्या आणि या नंबरवर फोन करा : ________”

मागच्या बाजूला डॉक्टरांचे नाव आणि चालू गोळ्या लिहा.

दादा अजून नोकरीवर आहेत. फायली घेऊन जिने चढण्याऐवजी आता ते आवक-जावकच्या टेबलावर बसतात. त्यासाठी तीन अर्ज आणि पाच हेलपाटे लागले. आजार थांबलेला नाही. हातात काठी आली आहे. पुढच्या जयंतीला त्यांच्या मुलीने आणि मी मिळून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी त्यांची माफी सगळ्यांसमोर मागितली, कारण हटकलेही सगळ्यांसमोरच होते.

त्यांच्या आईंनी मात्र वेगळेच विचारले. “म्हंजे ह्येचा बा बेवडा नव्हता न्हवं?” नव्हता, आई. त्यांच्या बाबांची तपासणी आता होणार नाही. पण मुलाच्या निदानाने बापाच्या नावावरचा तो डाग पुसला गेला, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावला.

वाचकहो, तुमच्या गल्लीत, कामावर, विहारात अशी झोकांडी खाणारी चाल दिसली, तर तोंडाचा वास घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. “कधीपासून होतंय?” आणि “घरात आणखी कुणाला होतं का?”

जय भीम.